करड्या चौकोनातली आत्या

मी गाडी चालवताना मोबाईलला हात लावत नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे, की हल्ली मी नुसता घसा खाकरला तरी समोरचा आधीच मान डोलावून मोकळा होतो. गाडीत बसलो की माझा फोन मागच्या सीटवर, पिशवीत, आणि पिशवीची चेन ओढलेली. एकदा आमच्या मुख्याध्यापकांचा फोन कापूरहोळपासून भोरपर्यंत वाजत होता, तरी मी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाब विचारला तेव्हा मी त्यांनाच रस्ता सुरक्षेवर दोन शब्द सांगितले. शाळेत मी भूगोल शिकवतो, पण गावात माझी ओळख भूगोलामुळे नाही. दरवर्षी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम मी घेतो, फाटकापाशी शिट्टी घेऊन मी उभा राहतो आणि पालकांच्या हातातले फोन खाली ठेवायला लावणारे भूषणसर ते मीच.

त्यामुळे एका सोमवारी मधल्या सुट्टीत वाहतूक पोलिसांकडून ई-चलन आलं आणि त्यावर ‘वाहन चालवताना मोबाईलचा वापर’ असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी आधी हसलो. कुणा दुसऱ्याचं चुकून आलं असेल असं वाटलं. मग गाडीचा नंबर वाचला. नंबर आमचाच होता. मग फोटो उघडला आणि डबा तसाच झाकून ठेवला.

महामार्गावर नवे कॅमेरे बसले होते. ते वरून काचेच्या आत बघतात, चालवणाऱ्याच्या हातात काय आहे ते ओळखतात आणि मोबाईल वाटला की कुणाला न विचारता चलन पाठवतात. ही बातमी आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात तिचं स्वागत मीच केलं होतं. ज्याला लपवायचं काही नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कसली, असंही म्हणालो होतो. शिक्षकाने स्टाफरूममध्ये बोलताना जपून बोलावं. तिथलं कुणी काही विसरत नाही.

फोटोत मी होतो. चेहऱ्यावर सनशेडची सावली होती, पण मिशी माझी होती. माझ्या डाव्या कानाला एक काळी, चपटी, लांबट वस्तू टेकलेली होती आणि ती चार बोटांनी धरलेली होती. शेजारच्या सीटवर मात्र करड्या रंगाचा मोठा चौकोन होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सहप्रवाशाची ओळख गोपनीयतेसाठी झाकली आहे. त्या चौकोनाच्या कडेतून ती चार बोटं बाहेर आली होती. पण बघणाऱ्याला ती माझीच वाटणार. माणसाच्या कानाशी दुसऱ्याची बोटं कशाला असतील?

मला मात्र सगळं लख्ख आठवलं. आदल्या शनिवारी कामथडीला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. माझी बायको माधुरी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्युटी होती, म्हणून मी एकटाच गेलो. तिथे वेल्ह्याकडून आमची भामाआत्या आली होती. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडली तरी डोक्यावरून पाटी नेते. दोन दिवस आमच्याकडे राहायला म्हणून परत येताना ती माझ्या गाडीत बसली. त्रिशरण-पंचशील झालं, मग भाषणं झाली, आणि आमच्याकडे भाषणं सुरू झाली म्हणजे जेवणाचं काही खरं नसतं. पंगत बसली तेव्हा दुपार कलली होती. भुकेच्या तडाख्यात मी पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी केली, आणि आग्रह करणारी माणसं आपलीच, म्हणून आणखी घेतली. तिथून निघालो, आणि कापूरहोळ यायच्या आधी काही कारण नसताना आत्याने माझ्या कानफटात मारली.

हाताने नाही, चष्म्याच्या घराने. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि नव्या चष्म्याचं ते काळं, टणक घर ती पिशवीत न ठेवता हातात धरून बसायची. माझा कान भणभणला. मी ओरडलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “गांधीलमाशी बसली व्हती.” मी म्हटलं माशी कुठे आहे, तर ती म्हणाली उडाली. मग तिने कापूरहोळला गाडी थांबवायला लावली, चहा मागवला, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या धरून तोंड धू म्हणाली. पुढे भोरपर्यंत एक मिनिट ती गप्प बसली नाही. कुणाची म्हैस व्याली इथपासून सगळं मला ऐकवलं आणि मध्ये मध्ये मला प्रश्न विचारत राहिली. घरी आल्यावर मी माधुरीकडे तक्रार केली, की पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला असं मारतात का.

तर चलनातली काळी वस्तू म्हणजे ते चष्म्याचं घर. मला हायसं वाटलं. चूक यंत्राची होती, आणि चूक दाखवून देणं हा तर माझा पेशा आहे. दंड भरून टाकणं सोपं होतं. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि मी तो केलेला नव्हता.

चलनाविरुद्ध तक्रार करायची सोय मोबाईलवरच होती. तिथे तक्रारीचं कारण निवडायचं होतं. गाडी माझी नाही, गाडी विकली आहे, नंबर चुकीचा वाचला आहे. आत्याने चष्म्याच्या घराने मारलं, असं कारण सरकारला सुचलेलं नव्हतं. मी ‘इतर’ निवडलं आणि सविस्तर लिहिलं. पाठवल्यावर पाहिलं तर माझं सगळं शुद्ध मराठी चौकोनी डबे होऊन गेलं होतं. तरी उत्तर आलं: वस्तू मोबाईल असल्याचे दिसते.

इथे मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. संध्याकाळी आमच्या आळीच्या ग्रुपवर मी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की बघा, यंत्र कशी चूक करतं. मला वाटलं लोक हळहळतील. पोलिसांनी तो फोटो फक्त मला पाठवला होता. अख्ख्या भोरला तो मी पाठवला.

सगळ्यात आधी रामभाऊ आले. रामभाऊ आमच्या शेजारचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही, त्यामुळे रस्त्याच्या बाबतीत त्यांचा सल्ला कुणी मागावा लागत नाही. त्यांचं म्हणणं असं पडलं, की चष्म्याचं घर वगैरे कुणी ऐकून घेत नाही, दाढदुखी सांगावी. दाढ दुखताना माणूस गालाला हात लावतोच. मी म्हटलं, हातात वस्तू दिसते आहे. तेव्हा त्यांनी दाढ शेकायची मिठाची पुरचुंडी सुचवली. मी म्हटलं, खरं कारण असताना खोटं कशाला सांगू. यावर रामभाऊंनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं.

दोन घरं सोडून राहणाऱ्या शुभांगीवहिनींना मोबाईलशी कर्तव्यच नव्हतं. त्यांचं लक्ष करड्या चौकोनावर होतं. त्या माधुरीला भाजी घेताना गाठून म्हणाल्या, की सरांच्या शेजारी कोण होतं ते पोलिसांनी का हो झाकलं असेल? माधुरीने आत्या होती म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, असेल असेल. हे ‘असेल’ त्यांनी दोनदा म्हटल्यामुळे दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून दूधवाला हसला. लपवायला काहीच नसलेल्या माणसाचं काहीतरी लपवून ठेवलेलं आहे, अशी बातमी भोरच्या चौपाटी चौकापर्यंत गेली.

शाळेत मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांच्या मनात तो कापूरहोळपासून वाजलेला फोन अजून वाजत होता. ते म्हणाले, की पुढच्या शुक्रवारी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे, पालक येणार आहेत, तर यंदा भाषण चित्रकलेच्या सरांना दिलं तर कसं? चित्रकलेचे सर मोटारसायकलवरून शाळेत येतात तेव्हा फोन त्यांच्या हेल्मेटच्या आत कानाशी खोचलेला असतो. त्या दिवशी आठवीला मी नद्या शिकवताना नीरा नदी भलतीकडेच वळवली.

मग मी रजा टाकून महामार्गावरच्या वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं, हे नमूद केलं पाहिजे. पण त्यांचाही इलाज नव्हता. झाकलेला भाग उघडला तर बोटं कुणाची ते लगेच कळेल, हे त्यांना पटत होतं. मात्र तो भाग उघडायचा तर त्या सीटवरच्या माणसाने स्वतः येऊन परवानगीची सही द्यायला हवी. फोटो एक नसतो, यंत्र आधीचे आणि नंतरचेही घेऊन ठेवतं. ते सगळे फक्त चौकीच्या फौजदार मॅडमच उघडू शकतात. मी म्हटलं, माझी सख्खी आत्या आहे, मी तिच्या वतीने सही देतो. हवालदार मवाळपणे म्हणाले, “सर, शेजारी आत्याच होती असं सगळेच म्हणतात.”

माझा कान पुन्हा भणभणला. तरी घरी येताना मला त्यांचं म्हणणं नाकारता आलं नाही.

आत्या सोमवारी सकाळीच एसटीने तिच्या गावी परतली होती. मी दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या वाटेला लागलो. ती ओसरीत वाल सोलत बसली होती. मला वाटलं होतं, भाच्यावर असा आळ आलेला ऐकून ती पदर खोचून उठेल. मी सगळं सांगितलं. पोलिसांकडे आधीचे, नंतरचे सगळे फोटो आहेत, तुझी सही झाली की दूध का दूध होईल, असं म्हटलं. तिचे हात थांबले.

“त्यात तुझं तोंड दिसतंय व्हय?”

मी म्हटलं दिसतंय की.

“आन् डोळे?”

मी म्हटलं, मोठा करून बघितला तर सगळं दिसेल, यंत्र लई भारी आहे. त्यावर ती परत वाल सोलायला लागली आणि म्हणाली, की तिला काही जमायचं नाही, दंड भरून टाक. मी पुन्हा समजावलं. ती म्हणाली तिला पोलिसांचं भ्या वाटतं. ही बाई एकदा वनखात्याच्या साहेबाला विळा दाखवून आलेली आहे. मी म्हटलं, आत्या, माझं नाव जातंय गावात. ती खाली बघत म्हणाली, “जाऊ दे नाव. येतंय म्हागारी.”

मला फार लागलं ते. चहासुद्धा न घेता मी निघालो. सख्ख्या माणसाला आपल्या अब्रूची एवढी किंमत नसावी, या विचाराने मी रात्री जेवलो नाही. माधुरीने विचारलं तर म्हणालो, भूक नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला.

तो फोन आत्याला होता. सकाळी दाराशी आत्या उभी होती, पहिल्या एसटीने आलेली. ती घरात आली नाही, चप्पल घालूनच म्हणाली चल. अट एकच घातली. आत फक्त मी आणि ती. माधुरी नाही आणि रामभाऊ तर नाहीच. रामभाऊ तोवर साक्षीदार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गाडीत मागे बसलेसुद्धा होते. त्यांना उतरवणं कुणालाच जमलं नाही, म्हणून आम्ही चौघे निघालो, आणि चौकीत ते दोघे बाहेर बाकावर बसले.

आत फौजदार मॅडम होत्या. राजनंदिनी खुटवड असं टेबलावर लिहिलेलं होतं. त्यांनी आत्याला, आजी, तुम्हाला कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, असं विचारलं. आत्या म्हणाली न्हाई. मग तुमचा चेहरा या खोलीबाहेर जाणार नाही, असं सांगून त्यांनी सही घेतली. आत्याने सही करताना माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याचा ताप बघावा तसं.

पडद्यावर पहिला फोटो आला. करडा चौकोन गेला होता. मॅडमनी तो उजळ केला आणि मोठा केला.

स्टिअरिंगमागे मी झोपलो होतो. पापण्या मिटलेल्या, तोंड किंचित उघडं, हनुवटी छातीकडे कललेली. इतका समाधानी चेहरा माझ्या लग्नाच्या फोटोतही नाही. गाडीचं डावं चाक कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर गेलं होतं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात रस्त्याकडेला एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या चाकाशी एक माणूस वाकून काहीतरी करत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. शेजारच्या सीटवर आत्या, डोळे विस्फारलेले, चष्म्याचं घर उचललेलं. दुसऱ्या फोटोत ते माझ्या कानावर होतं आणि तिचा दुसरा हात स्टिअरिंगवर होता. तिसऱ्यात माझे डोळे उघडे होते, गाडी पट्ट्याच्या आत होती, आणि टेम्पोपाशी वाकलेल्या माणसाने अजून मानही वर केलेली नव्हती.

मला त्या माणसाच्या पाठीवरून नजर काढता येईना. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, तेही दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, “मोबाईल नाही. चलन रद्द करते मी.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “सर, तुम्ही झोपला होता.”

मी काही म्हणायच्या आत आत्या पुढे सरकली.

“गांधीलमाशी व्हती, सायेब. म्या मारली.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग पडदा तिच्याकडून जरासा वळवून घेतला. “असेल, आजी,” त्या म्हणाल्या. “वाईटच असते ती.”

शुभांगीवहिनींचं ‘असेल’ आणि हे ‘असेल’ यात केवढं अंतर होतं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, मला जो काही दंड असेल तो करा. मॅडम म्हणाल्या, की हा कॅमेरा मोबाईल शोधायला बसवलाय, लोकांच्या बाकीच्या आयुष्यात डोकवायला नाही. चलन रद्द झालं की फोटो पुसले जातात, कुणी मागितले तरी मिळत नाहीत. फक्त त्यांनी विचारलं, की सर घोरता का? मी नाही म्हणालो. आत्या म्हणाली, लई. मॅडमनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि आज गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी, असं सुचवलं.

बाहेर आल्याबरोबर आत्याने घाईघाईने जाहीर करून टाकलं, की चष्म्याचं घरच निघालं, सायबांनी माफी मागितली. माफी कुणी मागितली नव्हती. रामभाऊंचा चेहरा उजळला. ते म्हणाले, मी म्हटलंच होतं खरं सांगा. मी गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला किल्ली कधी का दिली जाते ते ठाऊक असावं. मागे माधुरीशेजारी बसल्यावर मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि भोर येईपर्यंत सोडला नाही. त्याच आठवड्यात तिने मला डॉक्टरांसमोर बसवलं. झोपेत माझा श्वास अडतो, म्हणून दिवसा डुलक्या येतात, असं निघालं. आता त्यावर उपाय चालू आहे.

चलन रद्द झाल्याचं कळताच मुख्याध्यापकांनी शुक्रवारचं भाषण मला परत दिलं. चित्रकलेच्या सरांनी सुटल्याचा सुस्कारा टाकला. मी व्यासपीठावर उभा राहिलो. समोर मुलं, पालक, मागच्या रांगेत माधुरी, शुभांगीवहिनी आणि आग्रहाने ठेवून घेतलेली आत्या. नेहमीचं भाषण मला पाठ होतं, पण पहिल्या वाक्याला तो टेम्पोवाला डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, मी गाडी चालवताना मोबाईलला हात लावत नाही, आणि तरीही दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी मी एका माणसाला मारणार होतो. मग सगळं सांगितलं. पुरणपोळीसकट. मुलं आधी हसली आणि मग हसायची थांबली. ज्या बाईने मला आणि त्या माणसाला वाचवलं ती मागे बसली आहे असं मी म्हणालो, तेव्हा सगळं सभागृह वळून बघायला लागलं, आणि आत्याने पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर ती मला फाटकापाशी गाठून म्हणाली, “समद्या गावाला सांगितलंस. मंग मी गप कशापायी बसले व्हते?”

मी म्हटलं, आत्या, तू गप्प बसलीस म्हणूनच मला सांगता आलं. हे तिला कितपत पटलं कोण जाणे. ती पुटपुटत पुढे गेली. शुभांगीवहिनी मात्र तिच्यामागे गेल्या आणि त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. त्यांचा मुलगा रात्रीचा टेम्पो चालवतो, हे मी विसरलो होतो.

रविवारी मी आत्याला तिच्या गावी सोडायला निघालो, एसटीने. माझी गाडी असताना एसटी कशाला, म्हणून ती कुरकुरली, पण खिडकी मिळाल्यावर निवळली. मनात मी आभाराचं एक वाक्य जुळवत होतो. रोज वर्गात बोलणारा माणूस मी, पण ते वाक्य काही नीट लागत नव्हतं. नसरापूर मागे पडलं तेव्हा ते जुळलं आणि मी तिच्याकडे वळलो, तर तिची मान माझ्या खांद्यावर टेकली होती. झोपली होती. कंडक्टर आला तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने तिकिटं घेतली. वेल्ह्यापर्यंत खांद्याला मुंग्या आल्या, पण मी हललो नाही.